ठिपका, माशी आणि ठण्ण!

अमेरिकेतल्या स्टील चॅलेंज स्पर्धेत ‘स्मोक अँड होप’ नावाचा एक टप्पा असतो. उभे केलेले चार मोठे पोलादी पत्रे, प्रत्येक १८ बाय २४ इंचांचा, आणि मधोमध, त्यांच्या बऱ्याच मागे, १२ इंच व्यासाची एक गोल तबकडी. मोठे पत्रे दहा यार्डांच्या आत असतात, त्यामुळे नवख्यालाही ते चुकू नयेत. बझर वाजतो, चार वेळा ठण्ण होतं आणि पाचवी गोळी तबकडीवर बसली की घड्याळ थांबतं. मुरलेला नेमबाज हातात रिमफायर बंदूक असेल तर हे सगळं दोन सेकंदांच्या आत उरकतो. घात होतो तो बहुधा पाचव्या गोळीला. चार पत्र्यांवर हात सुसाट सुटलेला असतो आणि डोळा मागच्या तबकडीवर पोचायच्या आधीच बोट चाप ओढून मोकळं होतं.

वेगाने पोलाद वाजवण्याच्या या खेळाचा इतिहास बंदुकांचा वाटतो. खरं तर तो नेमबाजाच्या नजरेचा आहे: गोळी सुटते त्या क्षणी डोळ्याने पाहायचं कुठे, बंदुकीकडे की लक्ष्याकडे?

या खेळातलं रिमफायर काडतूस मात्र बरंच जुनं. पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने १८४५च्या सुमारास दिवाणखान्यात उडवता येईल असं चिमुकलं काडतूस केलं. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असे, म्हणून ते रिमफायर. स्मिथ अँड वेसनने १८५७मध्ये पॉइंट २२ शॉर्टसाठी आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि १८८७मध्ये आजही चालणारं पॉइंट २२ लाँग रायफल बाजारात आलं. त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची. धक्का नावालाच, आवाज बेताचा आणि किंमत खिशाला झेपणारी.

अशा काडतुसाला जत्रेने उचललं नसतं तरच नवल. कोनी आयलंडसारख्या करमणुकीच्या ठिकाणी शूटिंग गॅलऱ्या थाटल्या गेल्या. साखळीवरून सरकणारी बिडाची बदकं, ससे, फिरती चक्रं, आणि फळीवर मांडलेल्या पंप-ॲक्शन रायफली. त्यांत ब्राउनिंग बंधूंनी रचलेली विंचेस्टर १८९० विशेष लाडकी. कागदावरचं भोक बघायला जवळ जावं लागतं. बीड मात्र लागल्याचं तिथल्या तिथे सांगतं. गिऱ्हाइकाचे पैसे त्या आवाजातच वसूल होत. आजच्या स्टील शूटिंगची ओढही तीच आहे, फक्त बदकांच्या जागी पांढरे रंगवलेले पत्रे आले.

जत्रेच्या पलीकडे एक वेगळी जात होती, ती प्रयोग करून दाखवणाऱ्या नेमबाजांची. ॲड टॉपरवाइन हा विंचेस्टर कंपनीचा माणूस. डिसेंबर १९०७मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओत त्याने दहा दिवस हवेत फेकलेले लाकडी ठोकळे रिमफायर रायफलीने टिपले. ७२,५०० ठोकळ्यांपैकी चुकले नऊ. पुढे १९५९मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या टॉम फ्रायने नायलॉन ६६ रायफल घेऊन १,००,०१० ठोकळे घेतले आणि सहा चुकवले. अडीचेक इंचांचा ठोकळा हवेत असताना साइटची पुढची माशी आणि मागची खाच जुळवत बसायला सवड कुणाला? ही माणसं ठोकळ्याकडे पाहत. बंदूक नजरेमागून येई. कंपन्यांनी हे सगळं जाहिरातीसाठी करवून घेतलं हे खरं. पण नजर लक्ष्यावर ठेवूनही अचूकता साधते याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नसेल.

घड्याळ या खेळात आणलं ते मोंटानाच्या एड मॅकगिव्हर्नने. त्याने विजेवर चालणारी वेळमोजणी यंत्रं जुळवून घेतली आणि १९३२मध्ये रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्या सेकंदाच्या ०.४५ भागात, छोट्याशा जागेत घातल्या. माशीच्या टोकाला सोन्याचा मणी बसवून ती चटकन दिसावी अशी खटपटही त्याचीच. म्हणजे वेग वाढवायचा तर आधी तो मोजा आणि मग साइट सुधारा, हा क्रम त्याला तेव्हाच उमगला होता.

वाजणारं पोलाद आणि घड्याळ या दोन्ही धाग्यांची गाठ पडली दक्षिण कॅलिफोर्नियात. माइक डाल्टन आणि माइक फिचमन यांनी १९८१मध्ये स्टील चॅलेंज सुरू केलं. मांडणी सोपी आणि पक्की: आठ ठरलेले टप्पे, प्रत्येकात पाच पोलादी लक्ष्यं, त्यांतलं शेवटचं ‘स्टॉप प्लेट’. प्रत्येक टप्पा पाचदा मारायचा, सगळ्यात वाईट वेळ सोडून द्यायची आणि उरलेल्या चारांची बेरीज धरायची. ‘आउटर लिमिट्स’ या टप्प्यात नेमबाजाला एका चौकटीतून दुसरीत जावं लागतं, म्हणून तिथे चारांतल्या तीन वेळा धरतात. एखादं लक्ष्य सुटलं तर तीन सेकंदांचा दंड. मांडणी सगळीकडे तंतोतंत सारखी असल्याने ॲरिझोनातल्या माणसाची वेळ फ्लोरिडातल्या माणसाशी ताडून पाहता येते. २००७च्या अखेरीस या स्पर्धेची सूत्रं यूएसपीएसए या संघटनेकडे गेली.

सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यांच्या हाती उघडी साइट होती. तिची अडचण प्रत्येक नेमबाज जाणतो. मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या तीन वस्तू, आणि डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसते. शिस्तीचा नियम सांगे की माशी स्पष्ट ठेवा. पण एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जाताना नजर लक्ष्यावर न्यायची, पुन्हा माशीवर आणायची, असं पाचदा करण्यात वेळेचा चुराडा होतो. रॉब लेथम आणि ब्रायन इनॉस या नेमबाजांच्या जोडीने ऐंशीच्या दशकात दोन्ही हात सारखे पुढे ताणून उभं राहण्याची पद्धत रूढ केली, त्यामुळे कंबरेपासून वरचं सगळं शरीर एकसंध वळू लागलं. इनॉसने १९९०च्या आपल्या पुस्तकात आणखी पुढचं मांडलं: नजर कुठे ठेवायची हे लक्ष्याच्या अवघडपणावर ठरतं. जवळच्या मोठ्या पत्र्याला माशी अंधूक दिसली तरी चालते, लांबच्या छोट्या तबकडीला ती स्पष्टच हवी. टॉपरवाइनला हाताने जे कळत होतं, ते इथे शब्दांत आलं.

मग ठिपका आला. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५मध्ये विजेवर चालणारी रेड डॉट साइट विकायला काढली. काचेवरून परतणारा लाल ठिपका डोळ्याला लक्ष्याच्याच अंतरावर भासतो, त्यामुळे तीन वस्तूंचं भांडणच मिटतं. स्पर्धेतल्या पिस्तुलांवर तो नव्वदच्या दशकात सर्रास दिसू लागला. आधी नळीच्या आकाराच्या अवजड साइट, मग सी-मोअरसारख्या उघड्या खिडकीच्या. नजर लक्ष्यावर खिळवून ठेवायला आता अलौकिक हाताची गरज उरली नाही.

रिमफायर या खेळात शिरलं ते खर्चाच्या वाटेने, आणि घट्ट बसलं. बिल रुगरचं १९४९चं ३७.५० डॉलरचं पिस्तूल आणि १९६४ची १०/२२ रायफल घरोघरी होत्याच. रिमफायरवाल्याला होल्स्टरमधून बंदूक उपसावी लागत नाही. समोर रोवलेल्या खुणेकडे नळी झुकवून तो बझरची वाट पाहतो, त्यामुळे पोराटोरांना आणि आजोबांनाही हा खेळ सुरक्षितपणे खेळता येतो. डोळ्यांवर चष्मा मात्र प्रेक्षकांनाही सक्तीचा, कारण पोलादावर आपटलेल्या शिशाचे कण मागे उडतात.

साइट निवडताना मंडळी ठिपक्याच्या आकारावर तासन्‌तास वाद घालतात. हिशेब तसा सोपा आहे. आठ एमओएचा (मिनिट ऑफ अँगल, म्हणजे कोनाचं माप) ठिपका १८ यार्डांवर दीड इंच झाकतो आणि ३५ यार्डांवर तीनेक इंच. ‘पेंड्युलम’ टप्प्यातली लहानात लहान तबकडी १० इंचांची, म्हणजे ठिपका मोठा असला तरी तबकडी भरपूर उरते. वर तो लवकर सापडतो. तीन एमओएचा नाजूक ठिपका कागदी लक्ष्यावर शोभतो, इथे तो शोधण्यात वेळ जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बंदूक खांद्याला लागताक्षणी ठिपका खिडकीत दिसतो की नाही. दस्त्याची उंची आणि साइटची उंची जुळली नसेल तर महागडी काचही बिनकामाची. उन्हात ठिपका पुरेसा प्रखर हवा, पण इतकाही नको की भोवती लाल पिसारा फुलेल.

वेगाचं गणित त्याहून मजेशीर. मोजल्या जाणाऱ्या फेऱ्या ३१. पत्र्यावरून पत्र्यावर जाण्याच्या चार हालचालींत प्रत्येकी ०.०५ सेकंद वाचलं तर फेरीमागे ०.२, आणि सामन्याअखेर ६.२ सेकंद. मोजल्या गेलेल्या फेरीत एक लक्ष्य सुटलं की त्यातली तीन सेकंदं दंडात जातात. म्हणून जाणकार चाप जलद ओढण्यापेक्षा पत्रा वाजायची वाट न पाहता नजर पुढच्या पत्र्याकडे नेण्याचा सराव करतात. बंदुकीआधी डोळा पोचला की हात आपोआप थांबतो.

हेच पॉइंट २२ काडतूस कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतने जगभर गाजवलं. २०१८च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिने सुवर्ण मिळवलं. त्या प्रकाराच्या वेगवान फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि तेवढ्यात एकच गोळी मारायची असते, पण मधलं वर्तुळ १० सेंटिमीटरचं आणि साइट उघडीच. ठिपक्याला तिथे मज्जाव आहे.

स्टील चॅलेंजनेही उघड्या साइटला हद्दपार केलं नाही. रिमफायर पिस्तूल आणि रायफल या दोन्हींत तिचे वेगळे गट आहेत. लाल-हिरव्या फायबर ऑप्टिकच्या काडीने माशी चमकवून त्यांत उतरणारे हौशी आजही भेटतात. पंचेचाळिशी उलटली की जवळची माशी धूसर होऊ लागते. तेव्हा यांतले बरेच जण निमूटपणे गट बदलून ठिपक्याकडे वळतात.