बालकांचे कुपोषण : देशोदेशींची तुलना आणि तिची मोजपट्टी

अमुक देशातील मुले तमुक देशातील मुलांपेक्षा अधिक कुपोषित आहेत, असे विधान आज सहजपणे केले जाते. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त अंदाजानुसार २०२२ साली जगातील पाच वर्षांखालील सुमारे १४.८ कोटी मुले, म्हणजे शेकडा बावीसांहून किंचित अधिक, वयाच्या मानाने खुजी होती. बुरुंडीच्या २०१६-१७ च्या पाहणीत हे प्रमाण शेकडा ५६ भरले. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते ३५.५ होते. हे आकडे एकाखाली एक मांडून त्यांची तुलना करावयाची तर या सर्व देशांतील मुले एकाच पट्टीने मोजता येतात, हे आधी मान्य करावे लागते. ही मान्यता फार जुनी नाही आणि निर्विवाद तर ती कधीच नव्हती. ती कशी घडत गेली व तीवर कोणकोणते आक्षेप आले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आकडेशास्त्राच्या या इतिहासात पुण्याचाही थोडाफार वाटा असल्याने मराठी अभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

लोकांच्या शरीरयष्टीतील भेद रक्तामुळे की अन्नामुळे, हा प्रश्न वसाहतींच्या काळातच उपस्थित झाला. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना घालून पाहिले; शिखांच्या आहारावर वाढलेले उंदीर सर्वांत सुदृढ, तर मद्रासी आहारावरचे सर्वांत दुबळे निपजले. केनियातील मसाई व किकुयु या दोन जमातींची जॉन बॉइड ऑर व जॉन गिल्क्स यांनी केलेली तुलना १९३१ साली प्रसिद्ध झाली. दूध, मांस व रक्त यांवर राहणारा प्रौढ मसाई पुरुष हा धान्य व कंदमुळे खाणाऱ्या किकुयुहून सरासरी पाच इंचांनी उंच व तेवीस पौंडांनी वजनदार होता. या दोन्ही अभ्यासांतील दोष उघड आहेत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि मसाई व किकुयु यांच्यात केवळ ताटाचाच फरक होता असेही नव्हे. तथापि, शरीरयष्टी ही वंशाची अपरिवर्तनीय देणगी मानण्याच्या त्या काळातील प्रवृत्तीला येथे पहिला छेद गेला, हे नाकारता येत नाही.

मुलांच्या कुपोषणाला स्वतंत्र नाव मिळाले ते गोल्ड कोस्टमध्ये. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली तेथील एका बालरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली त्याला स्थानिक गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हे नाव दिले. दुसरे मूल जन्मल्यावर आईच्या अंगावरून दूर सारलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय. अंगावर सूज, पांढुरके पडलेले केस, सोलून निघणारी त्वचा आणि भोवतालाविषयी संपूर्ण उदासीनता ही त्याची लक्षणे. विशेष हे की, गा स्त्रियांनी दिलेल्या नावात आहारातील घटकाचा उल्लेखच नाही. त्यात आहे ते कुटुंबातील स्थानांतर. पुढील संशोधनाने मात्र या नावातील आशय बाजूला सारून प्रथिनांचा अभाव तेवढा उचलला. ब्रॉक व ऑत्रे यांचा आफ्रिकेतील पाहणीवरचा अहवाल १९५२ साली निघाला, १९५५ साली प्रथिनविषयक सल्लागार मंडळ स्थापन झाले, आणि १९६८ साली तर प्रथिनांचे जागतिक संकट ओढवत असल्याचा इशारा संयुक्त राष्ट्रांनी दिला. त्याच वर्षी हैदराबादचे डॉ. सी. गोपालन यांनी आपले निष्कर्ष मांडले. क्वाशिओरकोर झालेली मुले आणि केवळ हाडांचा सापळा उरलेली मुले यांच्या पूर्वीच्या आहारात त्यांना काही गुणात्मक भेद आढळला नाही. दोघांनाही मुळात अन्नच कमी पडत होते. १९७३ साली तज्ज्ञ समितीने प्रथिनांची गरज खाली आणली आणि १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी या सर्व प्रकरणाची ‘द लॅन्सेट’मध्ये ‘महान फजिती’ म्हणून संभावना केली. ही संभावना काहीशी कठोर असली तरी अन्यायाची नव्हती. कारण माशांची भुकटी व प्रयोगशाळेतील प्रथिने यांच्या मागे धावताना भाकरीचा प्रश्न दोन दशके मागे पडला होता.

आता मोजपट्टीकडे वळू. मेक्सिको शहरातील बालरुग्णालयात फेदेरिको गोमेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली वयानुसार अपेक्षित वजनाच्या टक्केवारीवरून कुपोषणाच्या तीन श्रेणी ठरविल्या : ९० ते ७५, ७५ ते ६० आणि ६० च्या खाली. त्यांचा उद्देश मर्यादित होता. रुग्णालयात आलेले कोणते मूल दगावण्याचा संभव अधिक, एवढेच त्यांना जाणावयाचे होते. वैद्याने खाटेपाशी वापरण्यासाठी केलेले हे वर्गीकरण पुढे अख्ख्या देशांची प्रतवारी लावण्यास वापरले गेले. तुलनेसाठी आधार म्हणून घेतली गेली ती बॉस्टनमधील १९३० च्या सुमाराची मुले. जेलिफ यांच्या १९६६ च्या पुस्तिकेने हे ‘हार्वर्ड प्रमाण’ जगभर पोहोचविले, आणि आपल्याकडे १९७५ साली ३३ गटांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांचे तक्तेही त्यावरच बेतले गेले. १९७२ साली जॉन वॉटरलो यांनी महत्त्वाची सुधारणा सुचविली. वयाच्या मानाने कमी वजन असलेले मूल उंच पण हडकुळे असू शकते, किंवा बांधा भरलेला पण उंची खुंटलेली असू शकते. पहिली कृशता, दुसरा खुजेपणा. एक बहुधा अलीकडच्या उपासमारीची वा आजाराची खूण, तर दुसरा दीर्घकालीन वंचनेची.

परंतु बॉस्टनचे मूल हे साताऱ्याच्या मुलाचे प्रमाण का मानावे? या प्रश्नाला सर्वांत बळकट सैद्धान्तिक रूप दिले ते सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. १९५१ पासून सुमारे दोन दशके ते अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगातील दोनतृतीयांश माणसे भुकेली आहेत, या बॉइड ऑर यांच्या प्रसिद्ध विधानाची त्यांनी १९६१ साली छाननी केली आणि प्रत्यक्ष उपाशी लोकांचे प्रमाण शेकडा १० ते १५ च्या दरम्यान असल्याचे दाखविले. निवृत्तीनंतर पुण्यास आल्यावर त्यांनी हाच विचार पुढे नेला. एकाच माणसाची ऊर्जेची गरज काळानुसार बदलते व एका मर्यादेपर्यंत शरीर कमी अन्नाशी इजा न होता जुळवून घेते; म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेल्या प्रत्येकास भुकेला म्हणणे चूक, सीमारेषा सरासरीच्या बरीच खाली ओढली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई २२५० उष्मांकांवर दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्म्यांच्या सीमारेषेने गरिबांची संख्या एकदम घटत होती. दांडेकरांनी १९८१ साली त्यांना सविस्तर उत्तर दिले. एकाच शहरात राहणाऱ्या या दोन विद्वानांच्या वादात भारताच्या भुकेचा आकडा पणास लागला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच धाग्यावर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी १९८० च्या सुमारास ‘लहान पण निरोगी’ हे सूत्र मांडले : मध्यम प्रमाणात खुजी असलेली मुले ही रोगी नसून परिस्थितीशी जुळवून घेतलेली आहेत. गोपालन यांनी यास कडाडून विरोध केला. ज्या परिस्थितीत उंची खुंटते तीच परिस्थिती मुलाला आजारी पाडते आणि त्याच्या बुद्धीची व श्रमशक्तीची हानी करते. खुजेपणा ही तिची खूण होय, आणि तो निरुपद्रवी मानणे म्हणजे गरिबांसाठी वेगळा मापदंड लावणे होय. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात झालेल्या प्रयोगाने पुढे या मताला दुजोरा मिळाला. तेथे तिसऱ्या वर्षाच्या आत पौष्टिक पेज मिळालेल्या मुलग्यांची प्रौढपणीची ताशी मिळकत इतरांहून सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक आढळली. जुळवून घेण्याची किंमत ही अशी मोजावी लागते. मात्र सुखात्म्यांना एवढ्यावर निकालात काढणे बरोबर नाही. अन्नाइतकेच शुद्ध पाणी व स्वच्छता यांकडे लक्ष द्या, हा त्यांचा आग्रह त्या वेळी काहीसा दुर्लक्षित राहिला; डीन स्पिअर्स यांनी २०१३ च्या सुमारास उघड्यावरील शौचाचा मुलांच्या उंचीशी संबंध दाखविला तेव्हा त्याचे महत्त्व नव्याने लक्षात आले.

वंशभेदाच्या प्रश्नाचा निकाल मोजमापानेच लागणे शक्य होते. १९७४ साली हाबिश्ट, मार्टोरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील सुस्थितीतील शाळापूर्व मुलांची उंची ताडून पाहिली. वंशांमधील फरक सुमारे ३ टक्के, तर गरीब व श्रीमंत यांमधील फरक सुमारे १२ टक्के निघाला. तरीही १९७७ पासून वापरात आलेले प्रमाण अमेरिकनच होते आणि त्यातील तान्ही मुले ओहायोतील एका गावची, बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची पाहणी केली. मुले सुस्थितीतील, अंगावर पिणारी, धूम्रपान न करणाऱ्या मातांची निवडली होती. उंचीतील एकूण भिन्नतेपैकी देशादेशांतील फरकाचा वाटा जेमतेम ३ टक्के भरला. दक्षिण दिल्लीतील मुले ऑस्लोच्या मुलांबरोबर वाढत होती. २००६ साली प्रसिद्ध झालेले हे प्रमाण मुले कशी वाढतात हे सांगत नाही, ती कशी वाढावयास हवीत हे सांगते. आणि त्या दृष्टीने ते पूर्वीच्या सर्व तक्त्यांहून भिन्न आहे.

वाद मिटला नाही. २०१३ साली अरविंद पानगढिया यांनी केरळ व सेनेगल यांची तुलना केली. बालमृत्यू, आयुर्मान, साक्षरता या प्रत्येक बाबतीत केरळ सरस; मात्र खुज्या मुलांचे प्रमाण केरळात अधिक. तेव्हा दोष मुलांच्या आहारात नसून पट्टीत आहे, भारतीय मुले जात्याच लहान असतात, असा त्यांचा निष्कर्ष. कोडे खरे आहे. १९९६ साली रामलिंगस्वामी, जॉन्सन व रोडे यांनी त्यालाच ‘आशियाई कोडे’ म्हटले होते. परंतु त्यांनी उत्तर शोधले ते स्त्रीच्या स्थितीत, आणि नंतरचा पुरावा त्याच दिशेने जातो. गर्भारपणापूर्वी कमी वजन असलेल्या स्त्रियांचे प्रमाण भारतात ४२ टक्के, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १६.५ टक्के असल्याचे डायन कॉफी यांनी २०१५ साली दाखविले. सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे यांच्या २०१७ च्या अभ्यासात तर भारतातील पहिले अपत्य आफ्रिकेतील पहिल्या अपत्याहून खुजे नसल्याचेच आढळले. फरक सुरू होतो तो दुसऱ्यापासून, आणि पुढे वाढत जातो. गुणसूत्रे अपत्यांचा क्रम पाहत नाहीत. शिवाय बांगलादेशाचे उदाहरण आहे. १९९६-९७ मध्ये तेथील सुमारे ६० टक्के मुले खुजी होती, २०२२ मध्ये २४ टक्के. एका पिढीत वंश बदलत नसतो.

कृशतेच्या बाबतीत चित्र अधिक विलक्षण आहे. बुरुंडीत शेकडा ५६ मुले खुजी असूनही कृश मुले शेकडा पाचच्या आसपास होती. भारतात कृशतेचे प्रमाण १९.३, आणि महाराष्ट्रात ते २५.६ होते. अन्नटंचाई हे याचे पुरेसे कारण नव्हे, कारण आयुष्याच्या पहिल्या सहा महिन्यांतच, जेव्हा मूल आईच्या दुधावर असते तेव्हाच, भारतात ही कृशता मोठ्या प्रमाणात आढळते. पुण्याजवळील खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासातील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. पुण्याच्या बालकांचे स्नायू व पोटाचा घेर त्याहून बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. गर्भार होण्यापूर्वी त्यांच्या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो भरले होते.