माडावरचे कसब आणि आबकारी

मुंबई, ठाणे व तेव्हाचा कुलाबा या किनाऱ्याचा इतिहास आम्ही किल्ल्यांवरून आणि तहांवरून लिहितो. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या कोयत्याकडे आमचे लक्ष जात नाही. वस्तुतः त्याचा उद्योग मोठ्या शिस्तीचा. खोडाला पाडलेल्या खाचांत पाय रोवून तो शेंड्यावर जाई, न उमललेली पोय घट्ट बांधी, हलक्या हाताने ठोकी आणि तिचे टोक रोज छेदून रस मडक्यात धरी. खंड पडला की धार मंदावे. म्हणून त्याला सणाची सुट्टी नसे. पहाटेचा गोड रस ऊन चढताच आंबून माडी होई, तेव्हा विक्रीही तातडीचीच.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने रस काढण्यास परवाना आणि झाडागणिक कर आला. रस कमी उतरला तरी झाडाचा कर ठरलेलाच! पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने माडीच बेकायदा ठरली. व्यसनाने उद्ध्वस्त झालेले संसार आम्ही विसरत नाही. परंतु सरकारने आधी झाडे मोजली, मग धंदा थांबविला. झाडावर जीव टांगणाऱ्या माणसाचे कसब कोणत्या दप्तरात मोजले गेले? ती नोंद करणे हे आता इतिहासाचेच काम आहे.