रिख्टर, गेऱ्हार्ट

(जन्म : ९ फेब्रुवारी १९३२, ड्रेस्डेन). जर्मन चित्रकार. आजच्या अमूर्त चित्रकलेतले अग्रगण्य नाव; मात्र नुसता ‘अमूर्त’ हा शिक्का त्यांना पुरत नाही. छायाचित्रांवरून केलेली वास्तवदर्शी चित्रे आणि संपूर्ण अमूर्त चित्रे त्यांनी वर्षानुवर्षे एकाच वेळी रंगवली.

शिक्षण ड्रेस्डेनच्या कला अकादमीत, भित्तिचित्रणाचे. पूर्व जर्मनीत समाजवादी वास्तववादाखेरीज कशालाच थारा नव्हता. १९५९ मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात जॅक्सन पोलॉक व लुचो फोंताना यांची चित्रे त्यांनी पाहिली आणि १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या काही महिने आधी, पश्चिम जर्मनी गाठली. ड्युसेलडॉर्फला ते पुन्हा विद्यार्थी झाले. स्वतःच्या चित्रसूचीत पहिला क्रमांक त्यांनी दिला तो ‘टेबल’ (१९६२) या चित्राला : छायाचित्रावरून नेटके रंगवलेले टेबल आणि त्याच्या मधोमध ओला रंग फिसकटून मारलेले फराटे. काढायचे आणि काढलेले पुसायचे, ही रीत तेव्हापासूनची.

१९८०च्या दशकात या पुसण्याला हत्यार मिळाले. लाकडी मुठीची, कधी कधी माणसापेक्षा लांब अशी ॲक्रिलिकची पट्टी. तिच्या कडेला रंग थापायचा आणि ओल्या थरावरून ती दाबून ओढत न्यायची. दाब हलका पडला तिथे खालचा रंग तगतो. पट्टी अडखळली तिथे वरची साय फाटून आधीचे दोन-तीन थर एकदम उघडे पडतात. नेमके काय उमटेल ते चित्रकाराच्या हाती नसते, थांबायचे कधी एवढेच असते. कोरिना बेल्त्स यांच्या २०११च्या माहितीपटात हे सारे जवळून दिसते. आपल्याला पुरे झालेले वाटणारे चित्र ते पुन्हा पट्टीखाली घेतात.

कोलोन कॅथीड्रलची खिडकी (२००७) हे वेगळ्या जातीचे काम : ७२ रंगांचे ११,०००हून अधिक काचेचे चौकोन, मांडणी बरीचशी संगणकाच्या यदृच्छेवर सोडलेली. तिथल्या कार्डिनलना ती मुळीच रुचली नाही.

‘बिर्केनाऊ’ (२०१४) ही चार चित्रे मात्र त्यांच्या कामाचा कळस मानावी लागतात. ऑशविट्झ-बिर्केनाऊ छळछावणीतील कैद्यांनी १९४४ मध्ये जिवावर उदार होऊन चोरून टिपलेली चार छायाचित्रे त्यांनी आधी कॅनव्हासवर उतरवली. ती तशी रंगवणे जमेना, तेव्हा काळ्या-करड्या, लाल-हिरव्या थरांखाली ती पुरती झाकली गेली. पाहणाऱ्याला मूळ दृश्याचा मागमूस लागत नाही. ते खाली आहे हे माहीत असणे हाच या चित्रांचा भार आहे.

१९८६चे त्यांचे एक अमूर्त चित्र २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात ३ कोटी पौंडांहून अधिक किमतीला गेले. असल्या किमती खुद्द रिख्टरना अवाजवी वाटतात. २०१७ नंतर त्यांनी कॅनव्हासवरची तैलचित्रे थांबवली असून ते मुख्यतः रेखाटने करतात. ‘बिर्केनाऊ’ २०२३ पासून बर्लिनच्या नॉये नॅशनलगॅलरीत दीर्घ मुदतीसाठी ठेवलेले आहे.