घाटावरचे आणि घाटाखालचे

आमचा बुलढाणा जिल्हा नकाशावर एक दिसतो, पण आहेत ते दोन. अजिंठ्याच्या डोंगराची कड त्याच्या मधूनच गेली आहे. तिच्या खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती, ते पायनघाट. आणि वर चिखली, मेहकर, देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार, ते बालाघाट. पोरीचे लग्न ठरवताना आमच्याकडे आधी विचारीत, "घाटावर द्यायची की घाटाखाली?" त्या प्रश्नात हवापाण्याचा भाग थोडा आणि आगगाडीचा फार असे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आगगाडी नव्हती तेव्हा दोघे सारखेच होते. वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत पावसाने गाठले की रुई भिजायची, धुळीने माखायची, आणि बैल थकून बसला तर ओझेही तिथेच बसायचे. मग 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली! साहेबाचा रूळ आमच्यासाठी आला नाही, कापसासाठी आला. भुसावळहून निघालेला फाटा मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करीत 1867 साली नागपूरला पोचला.

पण खरी मौज खामगावची. कापसाची एवढी मोठी पेठ, आणि मुख्य रूळ तिला आठ मैल बाजूला टाकून गेलेला! तेव्हा सरकारने जलंबपासून खामगावपर्यंत स्वतःच्या खर्चाने फाटा बांधला आणि 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आले. आठ मैलांच्या रुळासाठी हिंदुस्थानचा लाटसाहेब! आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता, तारायंत्रही आले होते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तार ठोकावी आणि दीडेक महिन्यात वऱ्हाडची रुई त्याच्या दारात पडावी, असा काळ आला. त्याच वेळी मेहकरचा माणूस मात्र चिखल तुडवीत, दमणी हाकीत घाट उतरत होता. खामगाव तेव्हा आमच्या जिल्ह्यात नव्हतेच. ते 1905 साली अकोल्यातून आमच्याकडे आले. म्हणजे तो फाटा आम्हांला जणू आयताच आंदण मिळाला.

जिल्ह्याचे ठाणे बुलढाण्याला नेले ते थंड हवेसाठी. उन्हाळ्यात साहेबाची सोय झाली खरी, पण कोर्टकचेरीचे गाव रुळापासून तुटले ते तुटलेच. आजही बुलढाण्याच्या माणसाला गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते, नाहीतर बोथ्याच्या जंगलातून खामगाव. (त्या जंगलात 2019 साली टिपेश्वरहून एक वाघ चालत आला. त्याला ना तिकीट लागले ना टाइमटेबल.)

खामगावहून वर चिखली, देऊळगावराजावरून जालन्यापर्यंत रूळ न्यावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी. कारण साधे आहे: दोन मोठ्या पेठा, मध्ये सगळा बालाघाट. अडचणही तितकीच साधी. खामगाव इंग्रजांच्या ताब्यात, जालना निजामाच्या. खामगावचा रूळ रुंद, जालन्याचा अरुंद. पुढे निजाम गेला, जालन्याचा रूळही रुंद झाला, तरी मधली जागा मोकळीच राहिली. पाहण्या झाल्या, निवेदने गेली, निवडणुका आल्या. माझ्या घाटावरच्या आत्याने तर जन्मभर "आपल्याकडे गाडी येणार" हे वाक्य ऐकले.

ती पोकळी यष्टीने भरली. वऱ्हाड 1956 साली मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि लाल गाडी हळूहळू घाटावरच्या खेड्यापाड्यांत पोचली. रेल्वेने व्यापारी मोठे केले, यष्टीने शाळकरी पोरे. मला विचाराल तर दुसरे काम अधिक मोलाचे. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मलकापूरच्या स्टँडावर उभे राहून पाहा. फराळाचे डबे, झोपलेली पोरे, खिडकीतून जागेवर टाकलेले रुमाल, आणि "सरका वो थोडं मांगं" म्हणणारे कंडक्टर.

आता घाटावरून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि 2025 च्या जूनमध्ये उरलेला रस्ताही खुला झाला. 701 किलोमीटरच्या या रस्त्याला मेहकर आणि सिंदखेडराजा इथे चढण्या-उतरण्याची वाट आहे. ज्या बालाघाटाला रूळ मिळाला नाही, त्याच्या उंबऱ्यावरून मुंबईचा रस्ता जातो. पण त्याने घासही मोठा घेतला: 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 माणसे गेली. शिवाय या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, बैलगाडीचे तर नावच नको. ज्यांची शेते त्यात गेली, त्यांतला कितीतरी जण पुलाखालच्या जुन्या वाटेनेच मोटारसायकलवर सोयाबीनचे पोते बांधून बाजाराला जातो. वरून गाड्या सूं सूं करीत जातात. तो एकदा मान वर करून पाहतो आणि गियर बदलतो.