अलॉटमेंटवरील वसंतअखेरचे काम

ब्रिटनमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थेकडून किंवा खासगी जमीनमालकाकडून वार्षिक भाड्याने घेतलेल्या आणि मुख्यत्वे स्वतःच्या कुटुंबासाठी भाजीपाला व फळे पिकविण्यात येणाऱ्या जमिनीच्या लहान तुकड्यास अलॉटमेंट असे म्हणतात. घरालगतच्या परसबागेहून ती वेगळी असते. एका सामाईक कुंपणाच्या आत असे अनेक तुकडे शेजारीशेजारी असतात आणि प्रत्येक भाडेकरू आपला तुकडा स्वतः कसतो. वसंत ऋतूचा उत्तरार्ध, म्हणजे मेच्या प्रारंभापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ, हा अलॉटमेंटवरील वर्षातील सर्वांत धावपळीचा काळ होय. पेरणी, लावणी, तणनियंत्रण आणि किडींपासून संरक्षण ही सर्व कामे याच सहा आठवड्यांत एकत्र येतात. वर्षभराचे उत्पन्न या कामांवर अवलंबून असते, आणि नियमित मशागत ही भाडेकराराची अट असल्याने जमिनीवरील हक्कही बऱ्याच अंशी त्यांवरच टिकून असतो.

## पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सामाईक गायराने व शेते कुंपण घालून खासगी मालकीची करण्यात आली. त्यामुळे ग्रामीण मजुरांचा चराई व लागवडीचा परंपरागत आधार नाहीसा झाला. १८४५ च्या जनरल एन्क्लोजर कायद्यात भूमिहीन गरिबांसाठी काही जमीन राखून ठेवण्याची तरतूद होती. १८८७ च्या कायद्याने मागणी असल्यास असे तुकडे उपलब्ध करून देण्याचे दायित्व स्थानिक संस्थांवर टाकले. इंग्लंड व वेल्समधील आजच्या व्यवस्थेचा पाया १९०८ च्या स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स कायद्याने घातला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून, ही सोय केवळ श्रमिक वर्गापुरती न राहता सर्वांसाठी खुली झाली.

दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याची आयात धोक्यात आल्यावर ब्रिटिश सरकारने ‘डिग फॉर व्हिक्टरी’, अर्थात विजयासाठी जमीन कसा, ही मोहीम चालविली. त्या काळात अलॉटमेंटची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली होती. लंडनमधील हाइड पार्कमध्ये आणि टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातही भाजीपाला पिकविण्यात आला. युद्धानंतर ही संख्या झपाट्याने घटली. नॉटिंगहॅम येथील सेंट ॲन्स अलॉटमेंट्स ही त्या परंपरेची सर्वांत जुन्या व विस्तीर्ण जागांपैकी एक असून तिला वारसास्थळ म्हणून संरक्षण आहे.

तुकड्याचे पारंपरिक माप दहा रॉड इतके मानले जाते. दहा रॉड म्हणजे एकराचा सोळावा भाग, सुमारे २५३ चौरस मीटर. गुंठा हा एकराचा चाळिसावा भाग असल्यामुळे हे क्षेत्र बरोबर अडीच गुंठे भरते. अलीकडे प्रतीक्षायादी लांबलचक असल्याने अनेक ठिकाणी त्याच्या अर्ध्या आकाराचे तुकडे दिले जातात.

## ऋतुमान

ब्रिटनमधील वसंत ऋतू मार्च ते मे असा असतो. तेथील मे महिन्याचे स्वरूप महाराष्ट्रातील वैशाखासारखे नसते. मेच्या अखेरीस लंडन परिसरात दिवस सुमारे सोळा तासांचा असतो (पुण्यात याच सुमारास तो तेरा तासांच्या आसपास असतो) आणि सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. त्यामुळे नोकरदार भाडेकरूंनाही संध्याकाळी कामावरून परतल्यावर दोन-तीन तास मिळतात.

दिवस मोठे झाले तरी रात्रीचे तापमान मात्र भरवशाचे नसते. निरभ्र व निर्वात रात्री ते शून्याखाली जाते, दव गोठते आणि टोमॅटो, फरसबी, भोपळा, झुकिनी यांसारखी उष्ण प्रदेशातून आलेली कोवळी पिके एका रात्रीत काळी पडतात. दक्षिण इंग्लंडमध्ये दव गोठण्याचा धोका साधारणपणे मेच्या मध्यापर्यंत व उत्तरेकडे मेच्या अखेरपर्यंत, क्वचित जूनमध्येही राहतो. मध्य युरोपात ११ ते १५ मे या दिवसांना तेथील ख्रिस्ती संतांच्या नावांवरून ‘हिमसंत’ म्हटले जाते. त्यानंतरच कोवळी रोपे बाहेर लावावीत, असा तेथील शेतकऱ्यांचा संकेत आहे.

याच काळाला इंग्रजीत ‘भुकेची फट’ या अर्थाचे नाव आहे. हिवाळ्यातील कोबी, लीक व केल ही पिके संपलेली असतात आणि नवीन पिके अद्याप हाती आलेली नसतात. मळा हिरवागार दिसतो, परंतु ताटात येण्यासारखे त्यात फार थोडे असते.

## दैनंदिन काम

### पाहणी व पाणी

दिवसाचे काम पाहणीने सुरू होते. उगवलेल्या ओळी, गोगलगायींनी कुरतडलेली पाने, सैल झालेली जाळी आणि कोरडी पडलेली रोपे एका फेरीत लक्षात येतात. पाणी शक्यतो सकाळी देतात, कारण संध्याकाळी भिजलेल्या जमिनीवर रात्री गोगलगायींचा वावर वाढतो. अनेक ठिकाणी रबरी नळीला मनाई असते व सामाईक टाक्यांतून झारीने पाणी वाहून न्यावे लागते. रोज वरवर शिंपण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने मुळांपर्यंत पोहोचेल असे भरपूर पाणी देणे श्रेयस्कर ठरते. नुकतीच लावलेली रोपे व उगवते बी यांना मात्र रोज पाणी लागते.

### तणनियंत्रण

मे महिन्यात तण पिकापेक्षा वेगाने वाढते. कोरड्या, उन्हाच्या सकाळी हातकोळपे मातीच्या पृष्ठभागाखाली उथळ फिरवतात. कापलेले कोवळे तण दुपारपर्यंत सुकून जाते. हेच काम ओल्या जमिनीत केल्यास तण पुन्हा मूळ धरते.

बहुवर्षायू तणांना हा उपाय पुरत नाही. चांदवेल व तिच्या जवळच्या जाती, हरळीप्रमाणे जमिनीखाली पसरणारे काउच गवत आणि खोल मुळांचे हॉर्सटेल ही तणे मुळाच्या लहानशा तुकड्यापासूनही पुन्हा फुटतात. म्हणून ती काटेदार फावड्याने उकरून मुळासकट वेचावी लागतात. ही मुळे थेट कंपोस्टच्या ढिगात टाकत नाहीत. ती उन्हात पूर्ण वाळवतात किंवा पाण्यात कुजवतात.

### रोपांची लावणी

काचघरात किंवा घरातील खिडकीत वाढविलेली रोपे एकदम उघड्यावर लावल्यास वारा व थंडी यांनी खचतात. म्हणून सुमारे दहा ते चौदा दिवस ती दिवसा बाहेर व रात्री आत ठेवून कणखर केली जातात. हा या ऋतूतील नित्याचा परिपाठ असतो. एका संध्याकाळी रोपे आत घेण्याचे विसरणे दोन महिन्यांच्या श्रमांवर पाणी फिरवू शकते. दव गोठण्याचा इशारा मिळाल्यास आधी लावलेली रोपे पातळ पांढऱ्या कापडाने किंवा वर्तमानपत्राने झाकतात.

मेच्या मध्यापासून लाल फुलांच्या रनर बीन या घेवड्यासाठी सुमारे अडीच मीटर उंचीच्या बांबूंचे दुहेरी मांडव उभारले जातात. प्रत्येक बांबूच्या पायथ्याशी बी टोकतात किंवा रोप लावतात. फरसबी, बीट, गाजर व कोशिंबिरीची पाने यांची पेरणी थोडीथोडी करून दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करतात, जेणेकरून सर्व पीक एकाच वेळी तयार होऊ नये.

### पिकांची निगा

* बटाटा : कोंब वीतभर वाढल्यावर दोन्ही बाजूंची माती ओढून मातीची भर लावतात. प्रकाश लागलेले बटाटे हिरवे पडतात व त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य तयार होते. ते टाळणे हा भर लावण्याचा मुख्य हेतू होय. थंड रात्री कोवळ्या कोंबांचे रक्षणही त्यामुळे होते.
* कोबीवर्गीय पिके : रोपे घट्ट दाबून लावतात व खोडाभोवती पुठ्ठ्याची चकती बसवितात. त्यामुळे मूळमाशीला खोडाजवळ अंडी घालता येत नाहीत. कबुतरे व पांढरी फुलपाखरे यांच्यासाठी वरून जाळी ताणतात.
* गाजर : विरळणी करताना पाने चुरगळली की त्यांच्या वासाने गाजरमाशी येते. म्हणून विरळणी निर्वात संध्याकाळी करून उपटलेली रोपे लगेच दूर नेतात. ही माशी जमिनीलगत उडत असल्याने वाफ्याभोवती सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचा आडोसाही उपयोगी पडतो.
* ब्रॉड बीन (बाकला) : पहिल्या शेंगा धरू लागताच शेंडे खुडतात. काळा मावा कोवळ्या शेंड्यांवरच प्रथम बसतो.
* स्ट्रॉबेरी : फळे मातीला टेकून कुजू नयेत म्हणून रोपांखाली गव्हाचे किंवा सातूचे काड अंथरतात आणि पक्ष्यांसाठी जाळी लावतात.

### गोगलगायी

ओलसर वसंतात गोगलगायी व शंखहीन गोगलगायी हे सर्वांत मोठे संकट असते. काकडी किंवा सूर्यफुलाची संपूर्ण ओळ एका रात्रीत नाहीशी होऊ शकते. मेटाल्डिहाइडयुक्त विषारी गोळ्यांच्या बाहेरील वापरावर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे, कारण त्यांचा पक्षी व अन्य वन्य प्राण्यांवर घातक परिणाम होतो. रात्री विजेरीच्या उजेडात गोगलगायी हाताने वेचणे, रोपे थोडी मोठी करून मगच लावणे, लहान तळे करून बेडकांना आसरा देणे आणि परजीवी सूत्रकृमी पाण्यातून जमिनीत सोडणे, हे उपाय प्रचलित आहेत.

### तोडणी

या काळातील मुख्य उत्पन्न रुबार्बचे देठ, मुळा, पालक, कोशिंबिरीची पाने, वसंतातील कोबी आणि शतावरीच्या वर्गातील अस्पॅरागसचे कोंब हे असते. अस्पॅरागसची तोडणी जूनच्या मध्यास, फार तर २१ जूनच्या सुमारास थांबवितात. त्यानंतरचे कोंब वाढू दिल्यानेच मुळांत पुढील वर्षासाठी अन्नसाठा होतो. हे पीक लावल्यावर पहिली दोन वर्षे तोडले जात नाही. रुबार्बची पाने विषारी असल्याने केवळ देठ खाल्ले जातात.

## खतातील तणनाशकाचा धोका

अलॉटमेंटधारक जवळच्या तबेल्यांतून व गोठ्यांतून शेणखत आणतात. २००८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी असे खत घातलेल्या वाफ्यांतील बटाटे, टोमॅटो व शेंगवर्गीय पिके वेडीवाकडी वाढू लागली. त्यांची पाने नेच्याप्रमाणे आत वळत होती. कुरणांवर फवारलेले अमिनोपायरॅलिड हे तणनाशक गवतातून जनावरांच्या पोटात आणि तेथून विघटन न होता शेणात उतरले होते, असे निष्पन्न झाले. त्या वर्षी या तणनाशकाची विक्री तात्पुरती थांबविण्यात आली व नंतर निर्बंधांसह पुन्हा सुरू झाली. गवतावर याचा परिणाम होत नसल्यामुळे खत पाहून दोष ओळखता येत नाही. म्हणून वापरापूर्वी एका कुंडीत खतमिश्रित व दुसऱ्या कुंडीत साध्या मातीत घेवड्याचे किंवा वाटाण्याचे बी लावून दोन्हींची वाढ ताडून पाहतात. ही चाचणी तीन-चार आठवडे घेते. त्यामुळे ती लावणीच्या बरीच आधी करावी लागते.

## मशागत आणि जमिनीचा हक्क

१९२२ च्या कायद्यानुसार अलॉटमेंट गार्डनचे क्षेत्र ४० रॉडपेक्षा (दहा गुंठे) अधिक नसावे आणि ते भाडेकरूने पूर्णतः किंवा मुख्यत्वे स्वतःच्या व कुटुंबाच्या उपयोगासाठी भाजी वा फळे पिकविण्याकरिता कसलेले असावे. १९२५ च्या कायद्यानुसार स्थानिक संस्थेने याच हेतूने संपादित केलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीवाचून विकता किंवा अन्य कामासाठी वापरता येत नाही. तात्पुरत्या वा खासगी जागांना मात्र हे संरक्षण नाही. अशा जागा बांधकामासाठी गेल्याची उदाहरणे बरीच आहेत.

भाडेकरूला जमीन सोडण्यास सांगायचे झाल्यास सर्वसाधारणपणे बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते. तिची मुदत ६ एप्रिल रोजी किंवा त्यापूर्वी, अथवा २९ सप्टेंबर रोजी किंवा त्यानंतर संपली पाहिजे. उभ्या पिकाच्या हंगामात भाडेकरू बेदखल होऊ नये, हा यामागील हेतू आहे. परंतु भाडे थकल्यास किंवा नियमांचा भंग झाल्यास १९०८ च्या कायद्यानुसार स्थानिक संस्थेस केवळ एक महिन्याची सूचना पुरते. नियमांत मशागतीची अट असतेच, आणि पडीक तुकडा मे-जूनमधील पाहणीत कंबरभर गवतामुळे लगेच नजरेस येतो. आजारपण, बाळंतपण किंवा कुटुंबातील मृत्यू यांमुळे चार-सहा आठवडे न येऊ शकलेल्या भाडेकरूला म्हणूनच व्यवस्थापनास वेळीच कळविणे आवश्यक असते. अशा वेळी शेजारचे भाडेकरू पाणी देणे, गवत कापणे अशी कामे आपसांत वाटून घेतात. अनेक ठिकाणी हीच अलॉटमेंटवरील शेजारधर्माची कसोटी मानली जाते.

## महाराष्ट्रातील परसबागेशी तुलना

ज्या दिवसांत ब्रिटनमधील अलॉटमेंटवर लावणीची घाई असते, त्याच दिवसांत महाराष्ट्रातील परसबाग पाण्याअभावी सर्वाधिक सुकलेली असते. येथील वेलभाज्यांची आळी मृग नक्षत्राच्या पावसाच्या अपेक्षेने तयार केली जातात. तेथे वेळापत्रक शेवटच्या गोठलेल्या दवावरून ठरते, तर येथे पहिल्या पावसावरून. परसबाग घराच्या आवारात असल्याने सांडपाणी व स्वयंपाकघरातील ओला कचरा तिला सहज मिळतो. अलॉटमेंटवर या दोन्ही गोष्टी वाहून न्याव्या लागतात.

दक्षिण आशियातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली अनेक कुटुंबे अलॉटमेंटवर मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक व लसूण ही पिके घेतात. दुधी भोपळा, कारले यांसारख्या उष्णताप्रिय वेलींना तेथे काचघराचा किंवा प्लॅस्टिकच्या मांडवाचा आधार लागतो. मेथी व कोथिंबीर मात्र तेथील थंड वसंतात उत्तम येतात. जूनमधील लांब दिवसांत कोथिंबीर लवकर फुलावर येत असल्याने तिचीही पेरणी थोडीथोडी करून वारंवार केली जाते.