भट्टी घ्यायची, पण किती अंशांची?

चितेगावच्या घरी मातीकामासाठी एक खोली मोकळी केली आहे. चाक आलं, माती आली, आता इलेक्ट्रिक भट्टी घ्यायची. आमच्या धंद्यातली सवय अशी की आधी स्पेसिफिकेशन वाचायचं. कॅटलॉगात पहिला आकडा असतो कमाल तापमानाचा. 1000, 1200, 1300... जितकं जास्त तितकं भारी, आणि तितकंच महाग! पण आपल्या भागातल्या मडक्यांना मुळात किती तापमान लागत होतं, हे आधी बघितलं तर?

सुरुवात संगमनेरजवळच्या जोर्वे गावापासून करू. 1950-51 साली तिथे उत्खनन झालं आणि तिथल्या खापरांवरून एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं. तांबडं भांडं, त्यावर काळी नक्षी, आणि टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज. ही भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची बरं का! इनामगावला तर डेक्कन कॉलेजच्या उत्खननात त्या लोकांची गोल भट्टीच सापडली. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून कच्चं-पक्कं ओळखलं, ही कथा तुम्हाला माहीत असेलच. तिथेही परीक्षा हीच.

गोवऱ्या-लाकडांचा उघडा आवा साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत जातो. आपली लोहयुक्त माती तेवढ्यात पक्की होते. फार पुढे नेली तर भांडं वाकतं, बसतं. 1200 च्या वरचं तापमान लागतं ते स्टोनवेअरला, आणि ती माती वेगळी. म्हणजे पहिला प्रश्न भट्टीचा नाहीच, मातीचा आहे.

मग वीज कशाला? झिलईसाठी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी झिलईदार भांड्यांचं काम सुरू केलं. त्याच सुमारास ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते, आणि ती नक्षी या भांड्यांवर उतरली. आपल्या जिल्ह्यातली लेणी मुंबईच्या फुलदाणीवर! अशा झिलईला स्वच्छ आणि नेमकी उष्णता लागते. ती बटणावर मिळू लागली तारेमुळे. 1906 साली अमेरिकेत आल्बर्ट मार्श यांना नायक्रोमचं पेटंट मिळालं. पुढे 1920 च्या दशकात स्वीडनमध्ये लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमची कांथल तार आली. तापली की तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच तिला वाचवतो.

खरी मेख इथेच आहे. चितेगावाहून पैठण गाडीने तासाभरावर. या गोदाखोऱ्यात, नेवाशासारख्या ठिकाणी, सातवाहन काळातली काळी-तांबडी खापरं सापडतात. बाहेरून तांबडी, आतून आणि काठाला काळी. तो काळा रंग लावलेला नाही. भांडं उपडं भाजताना जिथे हवा पोचली नाही तिथे तो आला. हे इलेक्ट्रिक भट्टीत करायला गेलं तर हवा तोडावी लागते, धूर कोंडावा लागतो. वारंवार असं केलं की तारेवरचा थर खराब होतो आणि तार लवकर जाते. शिवाय घरात धूर, तो वेगळाच.

तेव्हा माझा हिशेब असा. भट्टी छोटी, सिंगल फेजवर चालणारी, 3 किलोवॅटची. 230 व्होल्टला हे झाले 13 अँपिअर, म्हणजे 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि वायरिंग चांगलं हवं. आठ तास पूर्ण चालली तरी 24 युनिट. कमाल तापमान मात्र 1200 च्या पुढचं घेणार, कारण नेहमी 1000 वर चालवली तर तारेवर ताण कमी येतो. 573 अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी एकदम फुगते, म्हणून तिथे सावकाश जाता येईल असा कंट्रोलर हवाच.

आणि काळ्या रंगासाठी? अंगणात पत्र्याचा डबा, लाकडाचा भुसा आणि वर झाकण. एकदा भाजलेलं भांडं त्यात धुरावायचं. मोठ्या थ्री फेज भट्टीचे पैसे वाचतात ते वेगळेच. कॅटलॉगातल्या साध्या तारेच्या भट्टीला, कितीही महाग घेतली तरी, हे काम वारंवार मानवत नाही.