फुलांचें बक्षीस आणि गांवाचा खराटा

शोभेला बक्षीस लावण्याची कल्पना आपल्या मुलुखांत तशी अलीकडची आहे. बागा मात्र जुन्या आहेत, आणि अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ सालापूर्वींच्या अहमदनगराला, तर त्यांचा मोठाच वारसा लाभलेला आहे. सोळाव्या शतकांत निजामशाही सुलतानांनीं शहराबाहेर फराहबाग उठविली. मधोमध महाल, त्याभोंवतीं तळें, आणि त्यासाठीं दुरून खेळविलेलें पाणी. अवर्षणाच्या प्रदेशांत इतकें पाणी एका बागेसाठीं आणतां येणें हाच त्या काळीं ऐश्वर्याचा पुरावा होता. पण ती बाग राजाची. रयतेनें आपली गल्ली व आपली वेस सजवावी, आणि तेवढ्यासाठीं शेजारच्या गांवाशीं चढाओढ करावी, असा विचार त्या व्यवस्थेंत कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें.

इंग्रजी अमलांत बाग राजाकडून बंगलेवाल्याकडे आली, आणि तिच्याबरोबर बक्षीसहि आलें. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालीं निघाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन तिच्याच देखरेखीखालीं आहे, आणि तेथील पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या चांगलें परिचयाचें आहे. उत्तम गुलाब, उत्तम शेवंती, उत्तम कुंडी यांना अशा प्रदर्शनांत मान मिळतो. त्यानें पुष्कळांना फुलांचा नाद लागला, ही गोष्ट थोडी नव्हे. परंतु तेथें स्पर्धा होते ती फुलाफुलांमध्यें. फाटकाबाहेरचा उकिरडा परीक्षकांच्या हिशेबांत येत नाहीं.

सगळें गांवच स्पर्धक, ही कल्पना पश्चिमेकडे रुजली. अमेरिकेंतील स्टॉकब्रिज या खेड्यांत १८५३ सालीं लॉरेल हिल असोसिएशन निघाली. रस्त्याकडेला झाडें लावणें व गांव नीटनेटकें ठेवणें हें तिचें काम. पुढें १९५८ सालीं आयर्लंडांत ‘टायडी टाउन्स’ स्पर्धा सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षीं डोनेगॉल परगण्यांतील ग्लेंटीज या लहानशा गांवानें ती जिंकली. फ्रान्सनें १९५९ सालीं फुललेल्या शहरांची व खेड्यांची स्पर्धा आरंभिली. तिच्यावरून ब्रिटननें १९६४ सालीं ‘ब्रिटन इन ब्लूम’ची पहिली फेरी घेतली. या सर्वांच्या मागें प्रवासी यावेत हा व्यवहारी हेतु होता, यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. पण तिकडे पाऊस बारमाही. तेथें अर्धें माळीकाम आकाशच करतें. नगर जिल्ह्यासारख्या ठिकाणीं, जेथें उन्हाळ्यांत पिण्याचें पाणीहि टँकरनें आणण्याचे प्रसंग येतात, तेथें फुलांवर गुण ठेवणें म्हणजे ढगांना बक्षीस देण्यासारखें होईल.

म्हणून महाराष्ट्रांत ही स्पर्धा आली ती फुलांची परडी घेऊन नव्हे, तर खराटा घेऊन. या फरकाचें मर्म ध्यानांत येण्यासाठीं आपल्या गांवगाड्याचा इतिहास आठवला पाहिजे. गांवांत केर कोणीं काढावा, हा प्रश्न आपल्याकडे कधीं आवडीचा नव्हताच. तो जन्मानें ठरलेला होता. चावडी झाडणें, मेलेलें जनावर ओढणें हीं कामें महारांच्या माथीं मारलेलीं, आणि मोबदला बलुत्याचा व तुटपुंज्या वतनाचा. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या बांधवांस या वतनाच्या वेठींतून बाहेर पडावयास सांगितलें. तें वतन कायद्यानें गेलें तें १९५८ सालच्या अ‍ॅक्टान्वयें. बाकीच्या गांवास स्वच्छता हवी होती, पण झाडण्याचा हात आपला नको होता.

या मनोवृत्तीवर घाव घातला तो गाडगेबाबांनीं (१८७६–१९५६). अंगांत चिंध्यांचा झगा, जवळ मातीचें गाडगें, हातांत खराटा. परीट जातींत जन्मलेला हा पुरुष गांवांत शिरला कीं दिवसा गांव झाडी आणि रात्रीं कीर्तनांत लोकांचीं मनें झाडी. झाडणें हें कमीपणाचें नव्हे, हें त्यांनीं व्याख्यानानें सिद्ध केलें नाहीं. स्वतः झाडून दाखविलें.

२०००–०१ सालीं राज्य सरकारनें ग्रामस्वच्छतेची स्पर्धा सुरू केली, तेव्हां तिला संत गाडगेबाबांचें नांव दिलें तें उचितच होतें. आर. आर. पाटील त्या वेळीं ग्रामविकासमंत्री होते. पंचायत समिति, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनीं गांवांची तपासणी होई. पिण्याचें पाणी, सांडपाणी, केरकचरा, शौचालयें यांस गुण असत. राज्यांतील पहिलें बक्षीस २५ लाख रुपयांचें, आणि तें सरपंचाच्या खिशांत नव्हे तर गांवाच्या विकासासाठीं. त्यापेक्षां मोठी गोष्ट ही कीं, बक्षिसासाठीं सगळें गांव रस्त्यावर उतरावें लागे. पाटलाच्या सुनेनें आणि मास्तरांनीं एकाच गल्लींत केरसुणी धरणें, हें दृश्य गांवगाड्याच्या इतिहासांत नवें होतें.

नगर जिल्ह्यास ही वाट अपरिचित नव्हती. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीनें १९७५ नंतर श्रमदानानें पाणी अडविलें. त्या अनुभवावरून १९९२ सालीं आदर्श गांव योजना आली, आणि तींत हिवरे बाजारनें पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखालीं कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळून डोंगर हिरवा केला. पुढें २०१६ सालीं पानी फाउंडेशननें पाणी अडविण्याचीच स्पर्धा लावली, आणि सातारा जिल्ह्यांतील वेळू गांवानें ५० लाखांचें पहिलें बक्षीस मिळविलें. झाड हें येथें शोभा म्हणून नव्हे, अडविलेल्या पाण्याचें फळ म्हणून येतें. सौंदर्य येथें शेवटीं येतें, पण टिकतें.

आतां आक्षेपाचा विचार. परीक्षक येणार म्हणून गांव चकचकीत होतें. ते गेल्यावर काय? केंद्र सरकारनें २००५ पासून निर्मल ग्राम पुरस्कार दिले. त्यांत गौरविलेल्या कित्येक गांवांतील शौचालयांत पुढें सरपण आणि गोंवऱ्या रचलेल्या आढळल्या. हा आक्षेप खरा आहे. पण तो स्पर्धेच्या कल्पनेवर नसून तिच्या दिवसावर आहे. परीक्षेची तारीख ठाऊक असली कीं विद्यार्थी आदल्या रात्रीं जागतो, हें आम्हां शिक्षकांना कोणी सांगावयास नको.

ही कसोटी नेवासें तालुक्यांतील घोडेगांवासारख्या ठिकाणीं फार कठीण होते. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें गांव. शनिशिंगणापुरास जाणारे भाविक येथूनच वळतात. कांद्याचा बाजार आणि जनावरांचा बाजार यांसाठीं त्याची दूरवर ख्याति आहे. कांद्याचीं टरफलें, शेण, वाहनांची धूळ आणि यात्रेकरूंनीं टाकलेले कागद हें सारें परक्यांचें, पण झाडावयाचें गांवानें. आडबाजूच्या खेड्यानें स्वच्छ राहणें आणि अशा पेठेच्या गांवानें स्वच्छ राहणें, यांस एकच मोजपट्टी लावणें न्यायाचें नाहीं. बाजारानें ज्यांस पैसा मिळतो त्या अडत्यांनीं व व्यापाऱ्यांनीं आपला वांटा उचलला नाहीं, तर खराटा पुन्हां त्याच जुन्या हातांत जाऊन पडतो, मग त्या हातांस बलुत्याऐवजीं रोजंदारी मिळो.

म्हणून परीक्षकांनीं बाजाराच्या दुसऱ्या दिवशीं, न सांगतां यावें. वेशीवरची रांगोळी आणि कुंड्यांतलीं फुलें अवश्य पाहावीं; पण गुण देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, आज सकाळीं बाजारतळ कोणीं झाडला? त्या प्रश्नाला अनेक घरांचीं नांवें उत्तर म्हणून मिळालीं, तर बक्षीस त्या गांवाचें.